पॅकिंगच्या बायका

१७ नोव्हें., नांदेड
निलंग्याच्या पुढच्या दारूगोळा कारखान्यात दुपारी स्फोट. तीन बायका भाजल्या, एक गंभीर. ठाण्याच्या जमादारांनी फोनवर दुजोरा दिला. कंपनीचा फोन बंद.
गंभीर बाईचं नाव संगीता, रा. शिरूर अनंतपाळ. हे नाव माझ्या वहीत आधीच होतं. गेल्या महिन्यात याच कारखान्यावर रविवार पुरवणीत माझा लेख होता, 'सीमेवर जवान, शेडमध्ये रणरागिणी'. फोटोत मधोमध तीच.
संपादक म्हणाले, लढाई चालू आहे, आत्ता अशा कारखान्याची बदनामी नको. पान ५, चार ओळी. दिल्या.

१८ नोव्हें.
कंपनीचं पत्रक. 'सदर महिला पॅकिंग विभागातील असून परवानगीशिवाय स्फोटकांच्या भरणी शेडमध्ये शिरली. तिच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना घडली.' सोबत पुरावा म्हणून माझ्याच लेखाचं कात्रण. फोटोओळ: 'पॅकिंग विभागातील महिला'.
ती ओळ माझी. मॅनेजरने सांगितली, मी लिहून घेतली. सात बायका समोर उभ्या होत्या, एकीलाही विचारलं नाही की बाई, तू काय करतेस. आणि नवीन वार्ताहरांना मी शिकवतो.
राग नक्की कुणावर काढायचा...

२० नोव्हें., लातूर
सकाळची एसटी. सरकारी दवाखाना, जळिताचा वॉर्ड. संगीताचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. उशाशी सासू, कलावतीबाई. मला लगेच ओळखलं. गल्लीभर फोटो दाखवत फिरल्या होत्या म्हणे.
पॅकिंगला होती का, विचारलं. म्हातारी हसली, पण ते हसणं माझ्यावर होतं.
मग तिनेच सांगितलं: भरणी शेडमध्ये धातू चालत नाही, ठिणगी उडते. मंगळसूत्र, जोडवी, केसांतला चिमटा, सगळं गेटवर काढून डब्यात ठेवायचं. पॅकिंगच्या बायका जोडव्यांसकट कामाला बसतात. लढाई सुरू होऊन ऑर्डर वाढली तेव्हा हिला भरणीवर घातलं, रोज बारा तास. कार्डावर पॅकिंगच राहिलं.
"पैल्यांदा मीच लई बोलले हिला. नवरा जिता आसताना बोडकीवानी जाती म्हणून. आता जोडवी मागाय गेलाव तर म्हणतेत, डबाच न्हाई."
काल कंपनीचा माणूस सफरचंदं घेऊन आला होता. हात बांधलेले, म्हणून एका कागदावर पायाचा अंगठा उठवून नेला. इंजेक्शनची गुंगी होती. "दवाखान्याचा कागद म्हणले," संगीता म्हणाली, "म्हणून पाय म्होरं केला." अंगठ्याची शाई अजून गेलेली नाही. शेजारच्या बोटावर जोडव्याचा पांढुरका वळ.
सफरचंदं तशीच पिशवीत. कुणी हात लावलेला नाही.

२१ नोव्हें., नांदेड
मूळ फोटो मागवला. छापताना जागा नाही म्हणून खालचा भाग कापला होता. मुळात सात बायका, शेडच्या दारात, अनवाणी. केस सुती नाडीने बांधलेले, गळे मोकळे, एकीच्याही पायात जोडवं नाही. यांच्यापुढे अर्धा तास उभा होतो. दिसल्या त्या रणरागिणी.
संपादकांना दाखवला. छापून गेलं ते गेलं, म्हणाले. मग देशहित काढलं. मी म्हटलं, देशासाठी दारू भरणारी बाई भाजली की पॅकिंगची होते, यात देशाचं कसलं हित? इतक्या वर्षांत माझा आवाज चढलेला त्यांनी ऐकला नव्हता. दार लावून घ्या म्हणाले. लावलं नाही.

२३ नोव्हें.
दुरुस्ती तिसऱ्यांदा दिली. 'त्या लेखातील फोटोमधील महिला भरणी विभागात काम करत होत्या. "पॅकिंग" हा उल्लेख कंपनीच्या सांगण्यावरून, खातरजमा न करता केला होता.' संपादकांनी कागद टेबलावर उलटा ठेवला.
उद्या अकराला स्फोटाची चौकशी करणारे सरकारी अधिकारी वॉर्डात संगीताचा जबाब घेणार. त्यांच्या कार्यालयाने दुजोरा दिला. ती स्वतःहून आत शिरली असं ठरलं, तर गुन्हा तिच्यावरच. अंगठा उठवलेल्या कागदावर तेच लिहिलेलं असणार. भाजलेल्या बाकी दोघींपैकी एक बोलत नाही. दुसरीचा फोन नवरा उचलतो आणि राँग नंबर म्हणतो.
फोटो घेऊन मी जातोय, माझा जबाब द्यायला. संपादक म्हणाले, रजा टाका आणि पेपरचं नाव घेऊ नका. रजा टाकली. नाव घेणार. फोटोओळ पेपरातच छापली होती.
संध्याकाळी कलावतीबाईंचा फोन. येणार का, एवढंच आधी विचारलं. हो म्हटलं.
"मग भाऊ, 'पॅकिंग लिवलं ते माझं चुकलं' आसं सायबाला तुमीच सांगा. आमी सांगितलं तर म्हणतेत, बाईच खोटी."
पहाटेची लातूर गाडी. कंपनीचे वकील आजच लातुरात येऊन उतरलेत, वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं. उद्या तेही अकरालाच येतील.