चौथं कडवं

२ मार्च, गुरुवार

चौथं कडवं नाही. तीनदा ऐकलं. नाहीच.

दुपारी माझ्याबरोबर हॉल चालवणारा ह्युई फ्यूगेट आला आणि फोन टेबलावर ठेवला. "अठरा तारखेसाठी ही पोरगी बघ. टेसा रॅटलिफ. एकटीच बँजो घेऊन गाते. अजून कुणाला ठाऊक नाही, पण होईल." आमच्या गाण्याच्या हॉलचं कामच ते आहे. अजून कुणाला ठाऊक नसलेल्यांना महिन्यातल्या एका शनिवारी बसवायचं. माइक नाही, रंगीत दिवे नाहीत, साठ खुर्च्या आणि गाणारा. मी ऐकायला लागले आणि पहिल्याच ओळीला कॉफीचा कप खाली ठेवला. आईचं गाणं!

बाबांना पुरलं त्याच आठवड्यात आईने चुलीपाशी उभ्याने रचलेलं. संपाचं वर्ष. मी सतरा वर्षांची. पहाटे खाणीचा रस्ता अडवून आमची माणसं उभी होती. धुक्यातून कंपनीचे दोन ट्रक दिवे मालवून आले, थांबले नाहीत, आणि बाबा चाकाखाली गेले. एका ट्रकवर क्लीट बोग्ज, दुसऱ्यावर नथॅनियल व्हॅनहूस. दोघेही आपल्याच दरीतले, दोघेही संपफोडे. व्हॅनहूस त्याच उन्हाळ्यात ओहायोला गेला आणि तिथेच मेला. त्याचं नाव आज कुणाला आठवतही नाही. क्लीट इथेच राहिला. आणि चौथ्या कडव्यात राहिला —

क्लीट बोग्ज, क्लीट बोग्ज, दिवे का रे मालवले?
ज्याच्या संगे वाजवलेस, त्यालाच का तुडवले?

वाजवलेस म्हणजे फिडल, आमच्याकडचं व्हायोलिन. क्लीटची फिडल आणि बाबांची गिटार, दर शनिवारी, आमच्याच पडवीत.

हे कडवं मी खाणीच्या फाटकावर म्हटलंय, कोर्टाच्या दारात म्हटलंय, राजधानीच्या पायऱ्यांवर पोलिसांच्या घोड्यांसमोर म्हटलंय. आधी भाषण, शेवटी कडवं. आणि ही पोरगी तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर जाते, मध्ये बँजोचे चार गोड ठोके!

"ही इथे पाऊल ठेवणार नाही," मी म्हटलं.

"मी हो म्हणून बसलोय," ह्युई म्हणाला, आणि माझ्याच डब्यातला मक्याचा पाव खात बसला.

४ मार्च, शनिवार

फोन केला तिला. सरळ विचारलं, चौथं कडवं कुठे आहे.

"मला मिळालं तेव्हा नव्हतं, मावशी."

"कुणाकडून मिळालं?"

"नाव सांगू नको म्हटलंय."

सांगू नको! आमच्या हॉलचा एकच नियम आहे, आणि तो हॉलच्याही आधीचा आहे. गाणं कुणाकडून घेतलं ते आधी सांगायचं, मग तारेला हात लावायचा. कोंबडी चोरणारासुद्धा ती कुणाच्या खुराड्यातली ते मनात तरी जाणतो. तिला म्हटलं, नाव नाही तर गाणं नाही.

"गाणार तर मी आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. आवाज न चढवणारी माणसं मला आवडत नाहीत.

कडवं का गाळलं ते मला कळतं. गाण्याच्या मोठ्या जत्रांमधून बोलावणी यायला हवीत. तिथे उन्हात चटया टाकून बसलेल्या लोकांना खाणकामगार आवडतो, पण मेलेला, आणि कुणी मारला ते न सांगणारा.

५ मार्च, रविवार

आईकडे गेले होते, वृद्धाश्रमात. तिला सगळं सांगितलं. टेसा काय म्हणाली, ह्युई काय म्हणाला, मी काय करणार आहे. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला आता किती कळतं देव जाणे. निघताना माझा हात थोपटला.

येताना वाकणावर क्लीट बोग्जच्या पडवीतून फिडल ऐकू येत होती. गाडीची काच वर केली. नेहमी करते.

कोर्टाने त्याला पुरावा नाही म्हणून सोडला. पुरावा! पहाटेच्या धुक्यात, लोक जीव घेऊन खड्ड्यात उड्या मारत असताना, पुरावा कोण धरून उभं राहतं? न्यायाधीशाचा मेहुणा कंपनीत कारकून होता हे मात्र पुराव्यासकट सगळ्यांना माहीत होतं. कोर्टाने सोडला म्हणून गाण्याने धरला.

९ मार्च, गुरुवार

मी शाळा सोडली ती बाबा गेले म्हणून, पण पुस्तकं सोडली नाहीत. दोन भिंती भरून आहेत. इतिहास वाचत आले आणि सगळीकडे तेच दिसलं — मेलेल्यांची नावं दगडावर, मारणाऱ्यांची कुठेच नाहीत. फार तर लिहितात, "अपघात झाला." कुणी केला? झाला! जणू पाऊस पडला.

एकाच जागी मारणाऱ्याचं नाव टिकतं. गरीब बाईने चुलीपाशी रचलेल्या गाण्यात. ते कडवं काढणं म्हणजे बाबांना पुन्हा "अपघात" करणं. मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही.

१२ मार्च, रविवार

आईकडच्या रस्त्यावर दरड. गेले नाही. घसाही बसलाय.

१४ मार्च, मंगळवार

ह्युईबरोबर हॉल झाडला. तो आपला बास, माणसाएवढं उभं तंतुवाद्य, मिठी मारून आत आणत होता आणि बडबडत होता. "तीन पाहुणे. गिटार आहे, मँडोलिन आहे, बँजो आहे. फिडल नाही. या दरीतली सगळ्यात चांगली फिडल एका पडवीत कुजतेय."

"कुजू दे."

"ऑर्फा, तेव्हापासून एकाही माणसाने त्याच्याबरोबर वाजवलेलं नाही. बायको गेली तेव्हा कबरीपाशी त्याने एकट्याने वाजवलं. पाद्रीसुद्धा गाडीत जाऊन बसला."

"माझ्या बाबांच्या कबरीपाशी का नाही वाजवलं?"

"आला होता की. फिडल काखेत घेऊन. तुझ्या मामांनी फाटकावरून हाकलला."

मला माहीत आहे. मी फाटक धरून उभी होते.

ह्युईला म्हटलं, तुझा फार जीव जळत असेल तर जा, बस त्याच्याजवळ.

"माझ्यात तेवढी हिंमत नाही," तो म्हणाला. "तुझी जीभ सगळ्या दरीला माहीत आहे."

१९ मार्च, रविवार

काल रात्रीचं लिहिते. झोपले नाही. रागाने. दुसरं काही नाही.

हॉल भरला होता. मागे लोक भिंतीला टेकून उभे. आधी लिनवूड टिसडेल, कॅरोलायनाहून आलेला काळा तरुण, ब्लूज गातो. अंगठा गिटारच्या जाड तारांवर, बाकीची बोटं कुठे जातात ते दिसतही नाही. नियम कुणी न सांगता पाळला. "हे माझ्या आजोबांचं. त्यांनी एका शेरीफवर केलं होतं. मी गावागणिक शेरीफचं नाव बदलतो. चालीत बसलं की झालं, शेरीफ सगळे सारखेच." हॉल हसला. मीही हसले. मग तो गायला लागला आणि कुणी हसलं नाही.

नंतर पेनिंग्टन भाऊ. ब्लूग्रास, म्हणजे आमचं डोंगरी संगीत, मँडोलिन आणि गिटारवर, सुसाट. धाकटा मध्येच भावाला म्हणतो, "दमलास तर सांग, आईला बोलावतो." लोकांनी पायांनी फळ्या दणाणून सोडल्या. माझेही पाय थिरकले, खोटं का लिहू.

मग टेसा. चोवीस-पंचवीसची असेल, केस मागे घट्ट बांधलेले, हात लाल, साबणाच्या पाण्यात काम करणाऱ्या बाईचे. प्रत्येक गाण्याआधी नाव घेत होती. हे आजीकडून. हे चुलत्याकडून. शेवटी बँजोच्या खुंट्या पिळल्या, तारा वेगळ्या लावल्या, आणि म्हणाली, "हे ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव घ्यायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय. म्हणून त्यांची माफी मागते, आणि तुमची."

माफी! मी पहिल्या रांगेत होते.

तीन कडवी झाली. तिचं बोट पाचव्याकडे वळलं आणि मी उभी राहिले. चौथं मी म्हटलं. मला गळा नाही, पण मला मैदानं भरता येतात. क्लीट बोग्ज, क्लीट बोग्ज — दुसऱ्या ओळीला अख्खा हॉल माझ्याबरोबर. म्हातारे, पोरं, ज्यांनी ट्रक पाहिला नाही, क्लीट पाहिला नाही, ते सगळे. छपराच्या पत्र्यापर्यंत गेला आवाज. मला वाटलं, बाबा, ऐका.

टेसा बँजो मांडीवर आडवा ठेवून बसून राहिली. आवाज विरला तेव्हा म्हणाली, "आता नाव सांगावंच लागेल. हे मी डेल्फीआजींकडून घेतलं. ऑर्फामावशींच्या आईकडून. त्यांच्यापुढे बसून. चौथं कडवं त्यांनी स्वतः काढलंय."

मी तिला साठ खुर्च्यांसमोर खोटारडी म्हटलं. आई कित्येक वर्षांत गायलेली नाही. दोन वाक्यं सलग बोलत नाही!

"आंघोळ घालताना गातात," टेसा म्हणाली. "सकाळी सकाळी. मी तिथेच कामाला आहे, मावशी."

"का काढलं?"

"ते मला सांगितलंय. पण ते माझं नाही. तुम्ही विचारा."

आणि ती पाचवं कडवं गायली. कुणी तिच्याबरोबर म्हटलं नाही, कुणी उठूनही गेलं नाही. मी गेले.

२१ मार्च, मंगळवार

वृद्धाश्रमात फोन केला. पोरगी सकाळच्या पाळीला असते हे खरं आहे. "तुमची आई आणि ती, दोघींची रोज मैफल असते," तिथली बाई कौतुकाने म्हणाली. मी फोन आपटला.

ह्युईला विचारलं, मी दर रविवारी जाते. मला कसं कधी ऐकू आलं नाही?

"तू तिथे जाऊन भाषण देतेस, ऑर्फा."

बास घेऊन जा म्हटलं त्याला, हॉलमधून, कायमचा. तो म्हणाला, जड आहे, बघू पुढच्या आठवड्यात.

२६ मार्च, रविवार

गेले नाही. जाणार नाही.

आता राग पोरीचा नाही. आईचा आहे. आयुष्यभर मी तिचं कडवं डोक्यावर घेऊन चालले, आणि तिने ते एका अनोळखी मुलीसमोर आंघोळीच्या पाण्याबरोबर सोडून दिलं. क्षमा केली असेल. म्हातारपणी करतात. तिथे दर बुधवारी पाद्री येतो, कबुतरासारखा घुमतो, त्यानेच शिकवलं असेल. पण क्षमा करायला ती एकटी कोण? बाप माझाही होता. क्षमा करायची तर आधी मला विचारायला हवं होतं!

तिला म्हणणार आहे — तू कडवं काढलंस तरी मी म्हणत राहीन. ते आता तुझं नाही, ते दरीचं आहे.

चांगलं वाक्य आहे. हॉलमध्येही वापरता येईल.

२ एप्रिल, रविवार

गेले. ते वाक्य बोललेच नाही. एवढंच विचारलं, चौथं कडवं का काढलंस, आणि गप्प बसले. ती बोलेपर्यंत गप्प बसले.

आई आपली नखं बघत होती. नुकतीच कुणीतरी नीट कापलेली.

"ट्रक दोन होते, पोरी. आणि धुकं. कुठल्या ट्रकने ते कुणी पाहिलं नाही. मीही नाही."

"मग क्लीट का?"

तिने खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. हळू आवाजात चौथ्याची पहिली ओळ धरली आणि क्लीटच्या जागी दुसरं नाव घातलं, अख्खं. नथॅनियल व्हॅनहूस, नथॅनियल — बोटं अडखळली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडखळली.

"बघ," ती म्हणाली. "चालीत बसेना."