आपल्या घरची मराठी

गजानन मामांना श्रेयाचा नमस्कार,

तुम्हाला गेटवरच्या नोकरीवरून माझ्यामुळे काढलं. की माझ्या कोर्समुळे? मला समजतच नाहीये.

सिक्युरिटी अँड डिफेन्स मॅनेजमेंटच्या एमएला प्रॅक्टिकल होतं: तिथल्या साहेबांची परवानगी घेऊन, पण गार्डला न सांगता, ओळखपत्राशिवाय एखाद्या ऑफिसात शिरून दाखवायचं. मी तुमचंच ऑफिस निवडलं. इंदूरात मराठी कानावर पडली की तुम्ही विरघळता, हे मला लहानपणापासून ठाऊक. क्लासमधल्या ऋषभ जैनला मराठी येत नाही; त्याच्याकडून मी एकच वाक्य घोकून घेतलं आणि त्याला तुमच्या गेटवर पाठवलं: "मामा, जेवलात की नुसता चहाच?"

तुम्ही हसून गेट उघडलंत.

रिपोर्टमध्ये मी तुमचं नाव नाही लिहिलं. 'गार्ड भाषेला भुलतो' एवढंच लिहिलं. सर म्हणाले, "क्या बात है, श्रेया!"

काल तुम्ही घरी आलात. म्हणालात, "बेटा, तू तर हेच शिकतेस. सांग, माझं चुकलं कुठे? तो मुलगा तर एकदम आपल्या घरची मराठी बोलत होता."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मामा, जेवलात की नुसता चहाच?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हळूच म्हणालात, "जेवलो, बेटा."

तुम्हाला कळलं का, मामा?

तुमचीच भाची ना मी,
श्रेया