नयनच्या लग्नातली तलवार

आमचे आतेभाऊ वामनराव यायले बोरी अरबहून भगवानचा रामराम. तुह्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, पण दोन ओळीत कळव, डॉक्टर काय काय बोलला ते सारं मले नको. इकडे सारे बरे आहो. तुह्या वहिनीची, विमलची तब्येत चांगली हाये, म्हणजे माह्यावर बोलून राह्यली.

आता आपल्या नातवाच्या, नयनच्या लग्नाचं. आपल्यात हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हाती तलवार असते, शेंड्याले लिंबू टोचेल. लिंबू धरून ठेवायचं, एवढंच तिचं काम. मी म्हटलं कोठीवरची घरची घे. तं नातू म्हणे, आबाजी, फोटोत गंज दिसते. मंग त्यानं मोबाइलवरून सस्त्यातली बोलावली अन् होणाऱ्या बायकोले दाखवली, तिथंच बिघडलं. ही समीक्षा यवतमाळच्या कॉलेजात इतिहास शिकवते. (पोरगी चांगली हाये. फक्त सुट्टीतही शिकवते.)

डब्यावर लिहेल होतं असली मराठा तलवार. ती म्हणे हे पातं इराणकडचं, एवढा वाक आपल्याकडं नसते. वाक तं खरंच लय होता. नयननं खांद्यावर धरली तं लिंबू त्याच्याच कानात गेलं. वापस केली. दुसरी आली ती सरळ, बुडाशी रुंद, पुढं सुईवानी, मुठीले आडवी दांडी. समीक्षा म्हणे ही विलायतच्या घोडेस्वाराची. मी म्हटलं वरातीले घोडा आपणही करतोच. कोणी हासलं नाही. तिसरी तं शेंड्याकडे रुंद होत गेलती, वखराच्या लोखंडी पासेसारखी, तिले टोकच नाही. लिंबू टोचावं कुठं? विमलनं रबरानं बांधून पाह्यलं.

तवा पोरीनं सांगून टाकलं, का पातं मुठीपासून जवळपास सारखं रुंद पाह्यजे, वाक बेताचा अन् शेंडा निमुळता. नाही तं तलवारच धरू नको, माहे विद्यार्थी येतीन, हासतीन. (तलवारीबिगर नवरदेव हळदीच्या पाटावरून उठत नाही, हे तिले कोणत्या पुस्तकात दिसलं नाही काय माहीत.) नयन म्हणे मंग तूच धर. दोघाईचं बोलणं बंद. पोट्टं ताटावरून उठून जाये. विमल म्हणे लगन मोडते. मी म्हटलं लिंबापायी कोणी लगन मोडत नाही. तं तिच्या बापाचा फोन आला, का तारीख पुढं न्यायची का.

मंग मी कोणाले न इचारता घरची तलवार काढली, राखेनं घासली, पोत्यात गुंडाळली अन् यष्टीनं यवतमाळले घेऊन गेलो. (कंडक्टरले सांगतलं औताचं सामान हाये.) पोरीनं उलटीपालटी केली, टेप लावला. मंग म्हणे आबाजी, हीच. वाक बरोबर, रुंदी बरोबर, शेंडा बरोबर. साऱ्या बाजारात कोणाले जमलं नाही ते तुमच्या कोठीवर पडून होतं. डोळ्यात पाणी आलं तिच्या. किती जुनी म्हणे. मी म्हटलं, लय. तिथूनच तिनं नयनले फोन लावला. लगन ठरल्या दिवशीच होऊन राह्यलं. घरच्याईले घेऊन येजो.

तुहा,
भगवान

ता. क. ती तलवार कशाची हाये हे तुले ठाऊक हाये. बाबानं मारोती लोहाराच्या बापाकडून मोडक्या ट्रकच्या कमानपट्ट्याची करून घेतलती, तवा भाता तू अन् मीच ओढत होतो. वाक ट्रकचाच हाये, कोण्या सरदाराचा नाही. तं मांडवात ये, पोटभर जेव, पण समीक्षापाशी बसू नको. तुले बोलल्याशिवाय राहवत नाही.

आखीन एक. पात्याच्या मधात बोल्टाचं भोक हाये ना, ते तिनं इचारलं. मी म्हटलं लढाईत गोळी लागली. आता ते भोक ती कॉलेजात दाखवणार म्हणते. म्हणून बाबानं त्याच वक्ती आत्यासाठी करून तुमच्या घरी देल्लेली दुसरी तलवार बिलकुल आणू नको. दोन्ही तलवारीले एकाच जागी गोळी कशी लागली, हे मले सांगता येणार नाही.