शेजारच्या घरचं तूप

आई,

तुला तूप आवडत नाही, हे आपल्या घरात इतकं पक्कं होतं की मी ते कधी पारखून पाहिलंच नाही. शहरातल्या नल्लकुंट्याच्या त्या दोन खोल्यांत मामा गावाकडून तूप पाठवायचा. तू आधी बाबांच्या भातावर वाढायचीस, मग आम्हा भावंडांच्या, आणि सगळ्यांचं उरकल्यावर स्वतः बसायचीस ती भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर करडईचं तेल घेऊन. कुणी "तू घे ना" म्हटलंच तर म्हणायचीस, "मला नक्को बाई, तुपाचा वासच सोसत न्हाई." आम्ही लगेच मान डोलवायचो. आमच्या सोयीचंच होतं ते.

भिंतीपलीकडच्या तेलुगू आंटींचं सगळं उलटं. त्या मुलांबरोबरच जेवायला बसत. गरम भात, घट्ट वरण, तिळाच्या तेलात बुडालेलं आवकाय, म्हणजे त्यांचं आंब्याचं लोणचं, आणि पहिल्या घासावर तुपाची धार. नवऱ्याच्या ताटात जेवढी, तेवढीच स्वतःच्या. मी नाक मुरडायची, खोटं कशाला बोलू.

घरात नुकतीच केबल आली होती आणि मी कॉलेजात गृहविज्ञान शिकत होते. टीव्हीवर सारखी रिफाइंड तेलाची जाहिरात लागायची. बाबांच्या मागे लागून मी घाण्याचं तेल बंद करायला लावलं आणि पिशवीतलं आणवलं. फोडणी टाकून तू म्हणालीस, "ह्येला वासच न्हाई की गं." त्यावर मी तुला हृदयविकारावर व्याख्यान दिलं. त्याच सुमारास वेगवेगळ्या समाजांतल्या बायका तेल-तूप किती खातात, ते घरोघरी विचारून या, असं कॉलेजातल्या आमच्या बाईंनी सांगितलं. आंटींकडे गेले तर तू त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. कढीपत्ता मागायला आली असशील, असं मला वाटलं. आंटी मोकळेपणाने सांगू लागल्या, "पैला मुद्दा घी के बगैर उतरताच नै अम्मा." मुद्दा म्हणजे घास. मी शहाणी! म्हटलं, "आंटी, इतना घी अच्छा नहीं. मेरी आई को देखो, घी को हात नहीं लगाती." आंटी तुझ्याकडे बघायला लागल्या. तू पदराने तोंड पुसलंस आणि दूध उतू जाईल म्हणत उठून निघून गेलीस. वर्गात मी तुझं उदाहरण दिलं, बाईंनी कौतुकही केलं.

गेल्या वर्षी आंटींना भेटायला दिलसुखनगरला गेले. आता त्या लेकाकडे असतात. गुडघे गेलेत, जेवण मात्र तसंच आहे. मला आग्रहाने बसवून भातावर तूप ओतता ओतता म्हणाल्या, "तेरी आई कू बी ऐसाच होना था." होना म्हणजे हवं. "दोपर में तुम लोगां बाहर गए की आती थी. मेरे साथ बैठ के पेट भर के खाती थी." माझा घास हातातच राहिला. तुपाचं भांडं खाली ठेवत त्या पुढे म्हणाल्या, "तू आके वो बोली ना, उसके बाद नै आई. मैं बहोत बुलाई. बोली, बच्ची मेरा नाम ले के सबको बतारी, अब कैसे खाऊं."

आता मी दवाखान्यात बायकांना आहार सांगायचंच काम करते. तेलुगू बायका आपलं तूप सरळ सांगून टाकतात. आपल्या मराठी बायका घरात महिन्याला किती तेल लागतं ते चटकन सांगतात, पण स्वतःच्या ताटाचं विचारलं की हसून विषय बदलतात. मग मी पुन्हा विचारते, निराळ्या शब्दांत. तुला तसं विचारायला हवं होतं. आई, मला फार वाईट वाटतं. तुपाचं तितकं नाही. तुला वाढणारं, तुझ्यासोबत जेवणारं एक माणूस होतं, एक दुपार तुझी होती, आणि ती मी चारचौघांत तुझी स्तुती करून घालवली.

हे पत्र मी कुठे पाठवणार आहे? लिहून झालं की कपाटात ठेवीन. पण एक सांगते. आंटी म्हणाल्या, तू जेवताना खूप हसायचीस, बोटं चाटायचीस. ते डोळ्यांसमोर आणायचा मी कितीदा तरी प्रयत्न केला. जमत नाही गं. दर वेळी तिथे आंटीच दिसतात.