तलावातली मॅच

हिमांशु,

फोनवर तू "सब ठीक है" म्हणून ठेवून देतो, म्हणून लिहून राहिलो. चिठ्ठी डाकेत टाकायची हिंमत होईल का, माहीत नाही.

सीमेवर उजवा हात गेला, तेव्हापासून तू नवेगावले आलाच नाही. सेनादलाकडून रणजी खेळलेला मेजर गावाले तोंड कसं दाखवू म्हणते! काऊन? हात काय चोरी करताना गेला?

उन्हाळ्यानं तलावाचं पाणी मागं हटलं. पोरायनं तिथंच पिच बनवली. अंपायर तूच पाहिजे म्हणतात. तुझी आई बोलली, सिक्स दाखवायले तर दोन हात लागतात.

मी बोललो, आउट अन् चौका एका हातानं दाखवता येते. सिक्स बसला, तर मी बाजूले उभा राहतो. दुसरा हात माझा.

तुझा बाप,
परसराम