त्रेसष्ट ठिगळांबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथालय अधिकारी,
मध्यवर्ती ग्रंथालय, दुसरा मजला,
लिफ्टच्या उजवीकडील काचेची खोली.

विषय : बालविभागाच्या ग्रंथपालांची तळघरात केलेली बदली रद्द करून खऱ्या अपराध्यास, म्हणजे अर्जदारास, शिक्षा करण्याबाबत.

संदर्भ : १) 'प्रेम व मैत्री' या विषयावरील चित्रपुस्तकांच्या छाननी समितीचा हुकूम, आपल्या हिरव्या सहीचा.
२) चौकशी अहवाल, पाने अकरा.

महोदय,

१. अर्जदार ही बालविभागात गेली सव्वीस वर्षे फाटकी पुस्तके बांधते. मुले तिला खळबाई म्हणतात, कारण तिच्या हाताला कायम मैद्याच्या खळीचा वास असतो. हजेरीपटावर तिचे दुसरे नाव आहे, पण त्या नावाने हाक मारल्यास ती वळून बघत नाही. मुलांना कोणते पुस्तक आवडते हे तिला न वाचता कळते. आवडते पुस्तक पाठीतून उसवते, नावडते वर्षानुवर्षे धडधाकट राहते. वरून शिफारस होऊन आलेली पुस्तके आजही अत्यंत धडधाकट आहेत, हे आपल्या माहितीसाठी.

२. प्रकरणाची सुरुवात एका बड्या कंत्राटदारांच्या तक्रारीने झाली. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने आमच्याकडून अस्वल आणि कोंबडीचे पुस्तक घरी नेले. त्यात अस्वल चुकून कोंबडीच्या नव्या टोपीवर बसते, तीन पाने 'मी नाहीच बसलो' म्हणून फुगून बसते आणि चौथ्या पानावर तिच्या दारात जाऊन म्हणते, "चुकलं माझं." पुढच्या पानावर दोघे एका पांघरुणात बसून खिडकीतून बाहेर बघतात. गोष्ट एवढीच.

त्या संध्याकाळी कंत्राटदारांकडे पाहुणे जेवायला होते. मीठ कमी पडले म्हणून त्यांनी चारचौघांत बायकोला नको ते ऐकवले. मीठ त्यांच्याच कोपराशी होते. मुलीने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, अस्वलसुद्धा 'चुकलं माझं' म्हणालं. तुम्ही का नाही म्हणत?" पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर तक्रार आली की, 'सदर पुस्तकांमुळे कुटुंबप्रमुखाच्या प्रतिष्ठेस बाधा पोहोचते.' जी प्रतिष्ठा एका कागदी अस्वलाने ढासळते ती मुळात कशावर उभी होती, हे कोणी विचारले नाही. विचारण्याऐवजी आपण समिती नेमलीत.

३. समितीत तिघे होते. एक गटारांचे निवृत्त अभियंता, दुसरे वजनमापांचे निरीक्षक, आणि तिसऱ्या बालसंगोपनावर व्याख्याने देणाऱ्या विदुषी. शेजारच्या टेबलावर एक मूल रडू लागले तेव्हा विदुषींनी आपली खुर्ची चार बोटे मागे सरकवली. एक्केचाळीस पुस्तके तपासायला त्यांना पन्नास मिनिटे लागली, चहा धरून. अर्जदार पुस्तके हातात द्यायला उभी होती. मजकूर कोणी वाचला नाही, चित्रे मात्र तिघांनी चष्मे पुसून पुसून बघितली.

पांघरुणाच्या पानावर निरीक्षक थबकले. "अस्वल आणि कोंबडी? नातं काय यांचं?"

"शेजारी," अर्जदार म्हणाली.

इतिवृत्तात नोंद झाली : 'नातेसंबंध संशयास्पद.'

दुसऱ्या पुस्तकात मैत्रीण बगळी दूरदेशी निघते म्हणून म्हैस रडते. अभियंता म्हणाले, "म्हैस इतकी रडत नाही. आणि रडलीच, तर एवढ्या पाण्याच्या निचऱ्याची सोय दाखवायला हवी होती." तिसऱ्यात कासव आणि हंस कट्टी घेतात. विदुषी म्हणाल्या, "मुलांना भांडण शिकवू नये." त्यावर अर्जदाराने नम्रपणे सांगितले की भांडण मुले घरूनच शिकून येतात, इथे त्यांना फक्त बट्टी शिकायची राहिलेली असते. तिला बाहेर जायला सांगण्यात आले. दार काचेचे असल्याने तिला पुढचे सगळे दिसले, आणि तावदान सैल असल्याने ऐकूही आले.

४. निकाल लागला की मिठीची, रडण्याची, कट्टीची आणि माफीची अशी एकूण त्रेसष्ट चित्रे पांढरा कागद चिकटवून झाकावीत. चिकटवण्यासाठी रासायनिक गोंदाचा डबा वरून पाठवण्यात आला. हा गोंद लाकडालाही सोडत नाही.

हुकूम घेऊन ग्रंथपाल अर्जदाराच्या खोलीत आले. मुले त्यांना चूपकाका म्हणतात. अर्जदाराचे आणि त्यांचे एकोणीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेले नाही. तिला खिडकी उघडी लागते, त्यांना बंद. तिने नवी पाठ घातलेल्या पुस्तकावर ते खळ वाळायच्या आत क्रमांक टाकतात आणि शाई पसरली की तिच्याकडे बघतात. या काळात त्यांनी तिच्या कामाला एकदाही 'बरं झालंय' म्हटलेले नाही. म्हणून चौकशी अहवालातील 'दोघांची जुनी मैत्री' हे शब्द वाचून अर्जदारास प्रथम हसू आले.

"बाई, हुकूम आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"मग तुम्ही चिकटवा."

"मला सरळ चिकटवता येत नाही."

"वाचता तर येतं ना? मोठ्यानं वाचा. काय झाकायचंय ते माझ्या कानांनी ऐकू दे."

त्यांनी त्रेसष्ट नोंदी उभ्याने वाचल्या. 'अस्वल माफी मागते' इथे ते थांबले. पाणी प्यायले आणि पुढे वाचले. शेवटी म्हणाले, "चार दिवसांत हवंय." गोंदाचा डबा टेबलावर ठेवला आणि गेले. खिडकी बंद करायला विसरले.

५. आता अपराधाबद्दल. अर्जदाराने तो डबा उघडला नाही. तिने मैद्याची खळ शिजवली, तीही मुद्दाम पातळ. खळीला कीड लागू नये म्हणून बाहेरचे बांधणीकार तिच्यात विषारी मोरचूद घालतात. अर्जदार घालत नाही, कारण मुले पाने उलटताना बोटे चाटतात. त्रेसष्ट कागद तिने मापात कापले आणि फक्त वरच्या कडेला खळीचा एक हात फिरवला. बाकीच्या तीन कडा कोरड्या ठेवल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतके वाईट काम तिच्या हातून कधी झाले नव्हते आणि इतके मन लावूनही तिने कधी काही केले नव्हते. कोणी सांगितले नव्हते, कोणाला विचारले नव्हते. अक्कल तिची आणि हातही तिचेच.

६. परिणाम आपणास ठाऊक आहे. जी पुस्तके आठवड्यातून दोनदा बाहेर जात, त्यांच्यासाठी रांग लागू लागली. मुलांना आजवर कोणी सांगितले नव्हते की या चित्रांत बघण्यासारखे काही आहे, ते समितीने सांगितले. मुले पुस्तक मांडीवर घेत, कागद पडद्यासारखा वर करत, खाली बघत आणि पुन्हा सारखा करत. एक चिमुरडी म्हशीच्या पानावरचा कागद उचलून रोज विचारी, "अजून रडतेय का?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी शेळ्यांना नेमके हिरवे कुरण दाखवले. याबद्दल समितीचे जाहीर आभार मानायला हरकत नव्हती.

पण महिन्याभराने निरीक्षक पट्टी घेऊन तपासणीस आले. त्यांनी नखाने पहिला कागद उचलला आणि तो तसाच धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मजकूर ते पहिल्यांदाच वाचत होते. अर्जदारास क्षणभर आशा वाटली. मग त्यांनी कागद सोडला, खिशातून वही काढली आणि लिहिले : 'झाकण निकृष्ट.'

७. चौकशीत सर्वप्रथम ग्रंथपालांना बोलावण्यात आले. अर्जदार दाराबाहेर बाकावर बसली होती, खरे काय ते सांगायला तयार होऊन. तिला बोलावलेच नाही. संध्याकाळी बदलीचा हुकूम लागला : ग्रंथपाल तळघरातील जुन्या कागदपत्रांच्या विभागात, एक्केचाळीस पुस्तके पेट्यांत भरून त्यांच्याच ताब्यात, निर्णय होईपर्यंत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे चोर स्वतः फासात मान घालून उभा होता आणि त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

अर्जदाराने आपल्या कार्यालयातून अहवालाची प्रत मिळवली. पाचव्या पानावर ग्रंथपालांचा जबाब आहे : 'पातळ खळ वापरण्याची सूचना मीच दिली. बांधणीकार बाईंचा यात काही दोष नाही. त्या सांगितलेले काम करतात.' हे धादांत खोटे आहे. एक तर ग्रंथपालांना खळ आणि दूध यांतला फरक कळत नाही. दुसरे, सांगितलेले काम अर्जदार करत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे तिच्या गोपनीय अहवालात लिहिले आहे. ज्या माणसाने परत आलेल्या पुस्तकाची तारीखसुद्धा कधी एका दिवसाने खोटी टाकली नाही, त्याने आपल्यासमोर सहीनिशी खोटे लिहून दिले, आणि आपण ते खरे धरलेत.

नववे पान वाचण्याची आपणास विशेष विनंती आहे. त्यावर कंत्राटदारांच्या मुलीचा जबाब आहे. ती आईबरोबर आली होती. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "कागद तू उचललास तेव्हा ग्रंथपालांनी अडवलं का?" मुलीचे उत्तर जसेच्या तसे उतरवले आहे :

"नाही. ते म्हणाले, हळू उचल. फाटला तर खळबाईला परत चिकटवावा लागेल. तिची बोटं दुखतात. ती सांगत नाही, पण दुखतात."

या ओळींखाली लाल शाईने दोन रेघा मारून समासात लिहिले आहे : 'पूर्वकल्पना व संगनमत सिद्ध.'

महोदय, अर्जदाराच्या बोटांचे सांधे चार वर्षांपासून धरतात. तिने हे घरी सांगितलेले नाही, डॉक्टरांना सांगितलेले नाही आणि ग्रंथपालांना तर मुळीच नाही. थंडीत तिची खिडकी रोज कोण येऊन बंद करते आणि का, याचा तिने आजवर विचार केला नव्हता. ती त्याला छळ समजत होती. आपल्या चौकशीने इतर काही साधले नसेल, पण एका बाईला तिच्या अडाणीपणाची शिक्का मारलेली प्रत मिळाली. पाचवे आणि नववे पान वाचून झाल्यावर तिने 'दोघांची जुनी मैत्री' या शब्दांवरचा आपला आक्षेप मागे घेतला आहे.

८. म्हणून प्रार्थना अशी :

ग्रंथपालांची बदली रद्द व्हावी आणि अर्जदारास योग्य ती शिक्षा व्हावी. तिला निवृत्तीस चौदा महिने आहेत, तेवढ्यात बसेल अशी शिक्षा निवडावी. हे अशक्य असल्यास तिचीही बदली तळघरात करावी. तिथले कागद ओलीने सुटे झाले आहेत आणि त्यांना बांधणीची खरोखर गरज आहे.

या प्रार्थनेवर निर्णय व्हायला आपल्याकडे किती समित्या लागतील याचा अंदाज असल्याने अर्जदार कालपासून आपली दाबफळी, दाभण आणि दोरा घेऊन खाली गेली आहे. ग्रंथपालांनी वर बघितले आणि म्हणाले, "परवानगी आहे का?"

"नाही," अर्जदार म्हणाली.

त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे गठ्ठे उचलून जमिनीवर ठेवले. मग दोघे कामाला लागले.

अर्जदारास शिक्षा करायची असल्यास शिपाई वरच्या मजल्यावर पाठवू नये. ती तळघरात, जिन्याखालच्या दुसऱ्या टेबलावर भेटेल. उत्तरही त्याच पत्त्यावर द्यावे.

आपली,
शक्य तितकी नम्र,

खळबाई
(बांधणीकार, बालविभाग)

दिनांक : १२ नोव्हेंबर