दीड वाजताची हवा

५ जानेवारी
आजपासून नियमित राहायचं. पुण्याच्या अंकिता मॅडमनी मनुआत्तीच्या सोप्यात हवेतला धूर-धूळ मोजायचं यंत्र टांगलं. माझं जेवणखाण आत्तीकडेच, म्हणून जबाबदारी माझी. रोज दुपारी दीडला सॅटेलाइट आमच्या कडेगाव तालुक्यावरून जातो. वरून धूर-धूळ बघून खालच्या हवेचा अंदाज बांधतो. त्याच मिनिटाला मी यंत्राचा आकडा वहीत लिहायचा. अंदाज बरोबर की चूक ते माझ्या वहीवरून ठरणार. म्हणजे सॅटेलाइटचा साहेब मी. सैन्याची भरती हुकली, सोनं गाळायच्या कामाला कोईमतूरला गेलो ते आठ दिवसांत परतलो, ते यासाठीच.

६ जानेवारी, दु. १.३०
६२. वेळेवर.

१० जानेवारी
तीन दिवस बैलगाडी शर्यतीला. आकडे राहिले. सॅटेलाइटचा अंदाज मॅडमच्या ॲपवर येतोच. त्यात दोन-तीन कमीजास्त करून वही भरली, पानाचा फोटो मॅडमना पाठवला. अंदाज तोही बांधतो, मीही. फरक उंचीचा.

१५ जानेवारी
मॅडमचा फोन. वही आणि सॅटेलाइट फार छान जुळतायत म्हणाल्या. पद्धत बरोबर आहे तर. हीच ठेवायची.

१९ जानेवारी
दादासोतात्यांचा ऊस तोडून कारखान्याला गेला. पाचट पेटवायचंय, पण वरून फोटो निघतो, दंड होतो असं ऐकलेलं. मला चहा पाजला. "वीरधवल, त्यो कवा जातोय रं?" गावात मला पहिल्यांदा पूर्ण नावानं हाक. एरवी वीऱ्याच. सांगितलं, दीडला जातो, दोनला बिनधास्त पेटवा.

२३ जानेवारी
आधी ज्याचं तो कवाही पेटवायचा. आता सगळं गाव माझ्या मुहूर्तावर. दोनला पारावर उभा राहून हात वर करतो, चौफेर एकदम पेटतं. लय मान. आत्तीचा दमा उठलाय. तिला ॲपवरचा हिरवागार नकाशा दाखवला. म्हणाली, "त्यो वरनं बगतुया, बाबा. माजं नाक खाली हाय." अडाणी माणसाला विज्ञान सांगणं अवघड.

२६ जानेवारी, दु. ३
यंत्राचा लाल दिवा विझेना. ३१०. बिघडलं असणार. वर पिशवी बांधली. आत्तीचा दम्याचा पंप संपलाय. उद्या कडेगावातून आणणार म्हणजे आणणार.

२७ जानेवारी
पंपासाठीच निघालो होतो. वाटेत विट्याचा सयाजी भेटला. ड्रोन फवारणीचा कोर्स निघालाय म्हणाला, त्याच्या गाडीवरून सांगलीला चौकशीला गेलो. ड्रोनमध्ये भविष्य आहे. पंप उद्या.

२९ जानेवारी, सांगली, दवाखाना
पंप राहिला. काल दोनला हात वर केला. पावणेचारला आत्तीला दादासोतात्यांच्याच गाडीत घातलं. ओठ निळे. तात्यांनी गाडी थेट सांगलीला आणली. डॉक्टरांनी विचारलं, गावात धूर किती असतो. वही खिशात होती. काढली नाही.
सकाळी मॅडमचा फोन. आमच्या गावाची हवा तालुक्यात सगळ्यात स्वच्छ निघाली. अभिनंदन. आता यंत्राची गरज नाही, दुसऱ्या गावाला हलवणार.

दु. १.३०
सॅटेलाइट आत्ता गावावर असेल. आत्तीच्या बोटाला चिमट्याचं यंत्र लावलंय. ८४. नर्स म्हणाली, ऑक्सिजन नव्वदच्या वर पाहिजे.
हा आकडा बघून लिहिलाय.
परत बघितला. ८४.